दंगल : पाहा कुस्ती

आमच्या ग्रंथालयात एकतीस वर्षांत कधीही न चुकलेलं एकच माणूस होतं. तिला आम्ही अचूकताई म्हणायचो. तोंडावर नुसतं ताई. पाठीमागं अचूकताई, आणि त्यात थोडी चेष्टा, थोडा धाक आणि थोडा अभिमानही असायचा, कारण आमच्या इमारतीत अभिमान वाटावा असं दुसरं काहीच नव्हतं. पंखे फिरायचे त्यापेक्षा जास्त बोलायचे.

मी देवघेवीच्या खिडकीवर बसतो. पुस्तक द्यायचं, घ्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा आणि पानांवर चहा सांडणाऱ्यांशी भांडायचं, हे माझं काम. शेवटचं काम मी मन लावून करतो. ताईंचं टेबल माझ्या मागंच, बहात्तर खणांच्या कार्डांच्या कपाटाला पाठ लावून. नवं पुस्तक आलं की त्याला वर्गांक द्यायचा, म्हणजे ते कुठल्या विषयाच्या कपाटात बसणार ते ठरवायचं, त्याचं कार्ड लिहायचं आणि पाठीवर आकड्यांची चिठ्ठी डकवायची, हे त्यांचं काम. बाकी ठिकाणी लोक पुस्तकाचं नाव बघतात, मागचा मजकूर चाळतात आणि दहा मिनिटांत मोकळे होतात. ताई अख्खं पुस्तक वाचायच्या.

"भाऊ, एखाद्याला घर द्यायचं तर आधी त्याच्याशी दोन शब्द बोलायला नकोत का?" असं त्या म्हणायच्या.

एकदा 'शांत झोप' नावाचं पुस्तक आलं. कोणीही डोळे झाकून ते आरोग्यात टाकलं असतं. ताईंनी ते वाचलं आणि कामगारांच्या कपाटात लावलं. ते रात्रपाळीच्या मजुरांबद्दल होतं आणि त्यात झोप कोणालाच लागत नव्हती. आसपासच्या निम्म्या ग्रंथालयांत कार्डं लिहिणारी माणसं त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली. अडलं की तिथून फोन यायचे. ताई फोनवर आकडा सांगायच्या आणि पलीकडचा माणूस कारण न विचारता लिहून घ्यायचा.

त्यांच्या यजमानांचं सलून आमच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की. दोन खुर्च्या, एक रेडिओ. मी त्यांना दाजी म्हणतो. दाजी स्वतः पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत, पण गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावला की बायकोचं कौतुक सुरू. "जगातलं कुठलंही पुस्तक आणा. आमची ही सांगेल, ते कुठं बसतं." गिऱ्हाइकाला मान हलवायची सोय नसल्यामुळं सगळ्यांना ते पटायचं. माणूस देवासारखा, पण पोटात काही राहत नाही. त्यांना सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत बाजारातून आपल्यालाच परत ऐकायला मिळते.

तर एका सोमवारी वरून पत्र आलं. 'राजकारण, वंशभेद व सामाजिक अन्याय या विभागातील सर्व पुस्तके पुनर्विचारार्थ तळघरात जमा करावीत. गुरुवारी समितीचे सचिव जातीने येऊन खात्री करतील.' अन्यायाच्या पुस्तकांसाठी माणूस जातीने येणार, हे वाचून मला हसू आलं. ग्रंथपालसाहेबांना आलं नाही. साहेब भित्रे. सहीसुद्धा आधी पेन्सिलीनं करून बघतात.

पुनर्विचार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एक कपाटभर पुस्तकं अशीच खाली गेली, त्यांचा विचार अजून चालू आहे. तळघरात पाणी झिरपतं, त्यामुळं विचार करणाऱ्यांत आता मुख्यतः वाळवी आहे.

विभागात दोनशे चौदा पुस्तकं होती. ती सगळी वाचलेली माणसं जगात किती असतील माहीत नाही, आमच्याकडं एक होती. तीन वर्षांत त्यातली जेमतेम नऊ कोणी घरी नेली असतील, हेही खरं. लोक त्या कपाटाला वळसा घालून कादंबऱ्यांकडं जायचे. ताईंनी पत्र दोनदा वाचलं.

"भाऊ, यात 'या विभागातील' असं लिहिलंय ना?"

"हो."

"विभागात नसलेल्या पुस्तकांचं काही?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागल्या.

पुढचे तीन दिवस त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं आणि डिंकाची बाटली धरून मदतही केली, त्यामुळं मी साळसूद आहे असं म्हणणार नाही. त्यांनी पुस्तकांना नव्यानं वर्गांक दिले. फक्त नावावरून. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

'वर्णाचे थर' हे कातडीच्या रंगावरून माणसांना छळल्याचा इतिहास सांगणारं पुस्तक. ते घरांच्या रंगकामात गेलं. 'धरणे : एक्केचाळीस दिवस' पाटबंधाऱ्यांत. 'आंदोलनाची गती' घड्याळदुरुस्तीत, लंबकाशेजारी. 'पक्षांतराचा मोसम' पक्षीनिरीक्षणात. 'विषमता' अंकगणितात, सम-विषम संख्यांच्या रांगेत. गुलामांच्या व्यापारावरचे तीन जाड खंड होते, ते पत्त्यांच्या खेळांत, राणी आणि एक्क्याच्या सोबतीला. दंगलींवरची सोळा पुस्तकं सगळीच्या सगळी कुस्तीत. कपाटात एक नवं कार्डही घातलं, शोधणाऱ्याला वाट दाखवणारं : 'दंगल : पाहा कुस्ती'. मी म्हटलं, "ताई, हे अति होतंय." त्या म्हणाल्या, "कुस्त्यांची दंगल म्हणतात की नाही? मग." त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. फक्त चिठ्ठ्या डकवताना त्या एकेक चिठ्ठी दोनदा सरळ करत होत्या.

गुरुवारी सचिव आले. रिकाम्या कपाटावरून बोट फिरवलं, धूळ बघितली, खूश झाले. ग्रंथपालसाहेब आश्चर्यानं आमच्याकडं बघत होते, पण घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही. सचिवांनी तिथंच उभ्यानं अहवाल लिहिला : 'पाहणी केली. सदर ग्रंथालयात अन्याय आढळला नाही.' त्याची प्रत चौकटीत घालून आम्ही पाण्याच्या माठावर लावली. पाणी पिणारा प्रत्येक जण ती वाचायचा आणि एखादा घोट जास्त प्यायचा.

खरी मजा पुढं. पंधरा दिवसांनी एक रंगारी खिडकीशी आला. कोपरापर्यंत पांढरा.

"हे पुस्तक रंगाचं म्हणून नेलं. यात प्रायमरचं नाव नाही, ब्रशचं नाही."

"बदलून देऊ का?" मी विचारलं.

"नको. पुढचा भाग आहे का?" मग खिडकीत कोपर टेकून हळू आवाजात म्हणाला, "तेहेतीस वर्षं रंग लावतोय. रंगापायी माणसाला बाकावरून उठवतात हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं. मला उठवलंय. पण याचं पुस्तक असतं हे नव्हतं माहीत."

खिडकीच्या चौकटीवर पांढरा डाग पडला. एरवी मी भांडलो असतो. या वेळी डाग पुसलाही नाही.

मग रांगच लागली. पक्षी बघणाऱ्या एक आजी तक्रार घेऊन आल्या की या पुस्तकातले पक्षी फक्त निवडणुकीच्या तोंडावर उडतात, आणि खुराकाचं वर्णन मात्र फार बारकाईनं केलंय. घड्याळजी आंदोलनाचं पुस्तक तीनदा नेऊन गेला. पत्ते खेळणाऱ्या पेन्शनरांच्या टोळक्यानं गुलामांचे तिन्ही खंड वाटून घेतले, आणि त्यानंतर त्यांच्या डावात कोणी गुलाम टाकला की क्षणभर कोणी बोलायचं नाही, असं त्यांच्यातल्या एकानंच मला सांगितलं. कुस्तीचे वस्ताद तर माझ्यावर डाफरलेच.

"शेवटपर्यंत वाचलं. कोण जिंकलं तेच लिहिलेलं नाही."

"वस्ताद, कोणी जिंकलं नसेल."

"मग खेळलेच कशाला?" असं म्हणून त्यांनी पुस्तक आपटलं, आणि लगेच त्याच कपाटातलं दुसरं घेऊन गेले.

तीन वर्षांत नऊ वेळा गेलेली ती पुस्तकं दोन महिन्यांत चारशेच्या वर वेळा घरी गेली. माझा शिक्का झिजला. ताई मागं बसून सगळं ऐकायच्या आणि कार्ड लिहिताना स्वतःशीच हसायच्या.

आणि मग एक निवृत्त इंजिनिअर आले. त्यांनी हयातभर धरणं बांधलेली. 'धरणे : एक्केचाळीस दिवस' घेऊन गेले, एवढ्या कमी दिवसांत धरण कसं झालं या उत्सुकतेनं. पुस्तकात नव्वद बायका एका कचेरीच्या दारात बसून राहिल्या होत्या. इंजिनिअरसाहेबांना वाईट वाटलं नाही, नुसता अपमान वाटला. त्यांनी वर तक्रार धाडली : वर्गांक चुकीचे आहेत, जबाबदारी निश्चित करावी.

सचिव परत आले. या वेळी दार लावून ग्रंथपालसाहेबांच्या खोलीत बसले. ताईंना बोलावलं, साक्षीदार म्हणून मला. समोर सोळा दंगली ठेवल्या होत्या. सचिवांचा चेहरा उतरलेला. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. त्यांनीच लिहून दिलं होतं की इथं अन्याय आढळला नाही. आता दोनशे चौदा अन्याय सापडले तर आधी त्यांचीच मान अडकणार.

"बाई," ते म्हणाले, "हे मुद्दाम केलंत असं म्हणालात तर तुम्ही घरी आणि पुस्तकं तळघरात. चुकून झालं म्हणालात तर चूक दुरुस्त करावी लागेल. दुरुस्त केलं की ती पुन्हा अन्यायात जाणार, आणि तिथून तळघरात."

"मग राहिलं काय?" ताईंनी विचारलं.

"एकच. तुम्ही लिहून द्या की तुमच्या समजुतीप्रमाणं हे बरोबरच आहे. दंगल म्हणजे कुस्तीच. तुम्हाला यातला फरक कळत नाही. कर्मचारी अडाणी आहे, एवढी नोंद मी घेतो. अडाणीपणाला शिक्षा नाही. पुस्तकं आहेत तिथं राहतील, माझा अहवाल आहे तसा राहील."

खोलीत पंखा तेवढा बोलत होता. ताईंच्या निवृत्तीला आठ महिने होते. आयुष्यात त्यांनी दागिना केला नाही, घर बांधलं नाही. त्यांनी जमवलं होतं ते एवढंच, की त्यांनी सांगितलेला आकडा लोक न विचारता लिहून घेतात. तेच सचिव मागत होते. मला त्या सचिवाचा इतका राग आला की मी खुर्ची घट्ट धरून बसलो. ग्रंथपालसाहेब खिडकीबाहेर बघत होते, तिथं बघण्यासारखं काही नसताना.

"मजकूर द्या," ताई म्हणाल्या.

सचिवांनी लिहिलेला कागद त्यांनी वाचला. मग पेन्सिल काढली. "कुस्तीतला कु ऱ्हस्व," म्हणाल्या, आणि दुरुस्त केला. "'कळत' आणि 'नाही' जोडून लिहू नका." तेही सोडवलं. पाच चुका काढल्या. मग खाली पेनानं सही केली की मला काही कळत नाही.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "भाऊ, हे मुद्दाम केलं, ही गोष्ट आपल्या दोघांत. यांनासुद्धा सांगायची नाही. यांना कळलं की सलूनला कळलं, आणि सलूनला कळलं की परत ती माणसं दारात." मी शब्द दिला.

सहीची बातमी मात्र व्हायची ती झालीच. सचिवांनी आपली बाजू भक्कम करायला तो कागद सगळ्या ग्रंथालयांत फिरवला, 'वर्गीकरणात काय टाळावे' याचा नमुना म्हणून. फोन यायचे बंद झाले. पुढं एक फोन आला, तो 'दंगल : पाहा कुस्ती' हे खरंच लिहिलंय का ते विचारायला, आणि पलीकडं मागं चार जण खिदळत होते. आवाज ताईंच्याच एका विद्यार्थिनीचा होता. ताई म्हणाल्या, "हो, लिहिलंय. काही चुकलं का?" प्रशिक्षणाच्या नव्या तुकड्या आमच्याकडं सहल काढल्यासारख्या यायला लागल्या. कार्डांचा खण उघडून ते कार्ड बघायच्या आणि हसायच्या. न हसणारा माणूस संशयाला जागा देतो, म्हणून मीही हसायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो.

दाजींचे हाल कुत्रं खाईना. ज्या गिऱ्हाइकांना त्यांनी वीस-वीस वर्षं फेसाखाली दाबून बायकोचं कौतुक ऐकवलं होतं, ती सगळी आता फेड करायला बसलेली. "दाजी, केस कापा. म्हणजे दाढीच हो, एकच की." दाजी हसून घ्यायचे. मग रेडिओ मोठा करायला लागले. कौतुक बंद झालं.

एका शनिवारी सकाळी मी दाढीला गेलो. मागच्या बाकावर तिघं पेपर उघडून बसलेले. दाजींनी फेस लावला, वस्तरा माझ्या गळ्यावर टेकवला आणि थांबले.

"भाऊसाहेब, बावीस वर्षं तुम्ही तिच्या पुढ्यात बसताय. खरं सांगा. तिला खरंच फरक कळत नव्हता?"

आरशात मागच्या तिघांचे पेपर दिसत होते. एकाचंही पान उलटत नव्हतं. वस्तऱ्याची मला भीती वाटली नाही, दाजींच्या डोळ्यांची वाटली. त्यांना फक्त 'कळत होता' एवढं ऐकायचं होतं. तेवढ्यावर ते उरलेलं आयुष्य ताठ मानेनं काढणार होते. आणि ते ऐकलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला सांगून आले असते, त्यांचा इलाज नव्हता.

"नव्हता कळत, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी वस्तरा पुसला. बराच वेळ पुसला. "असू दे," म्हणाले. "मी समजावून सांगतो तिला. मला बोलली असती तर आधीच सांगितलं असतं." आणि माझी दाढी पुरी केली, एकही ओरखडा न पडता. पैसे ठेवून बाहेर पडलो तेव्हा या माणसाशी आपण काय केलं, हे मला चांगलं कळत होतं.

सोमवारी ताई वेळेवर आल्या, पण टेबलाशी बसल्या नाहीत. माझ्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

"काल यांनी मला फरक समजावला," म्हणाल्या. मला हसूही यायला लागलं आणि लाजही वाटली. त्या हसत नव्हत्या.

"आधी कुस्ती सांगितली. दोघंच असतात, हात मिळवतात, पंच असतो, पाठ टेकली की संपलं. दोन मिनिटांत झाली. मग म्हणाले, आता दंगल. आणि गप्पच बसले."

मी शिक्का खाली ठेवला.

"लग्नाआधी यांचं दुकान दुसऱ्या गल्लीत होतं, भाऊ. एकच खुर्ची. दुपारी माणसं आली, तोंडं बांधून. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, ते अर्ध्या दाढीनं पळालं. खुर्ची ओढत रस्त्यात नेली आणि पेटवली. हे मोरीत बसून बघत होते. तोंडं बांधलेली होती, पण यांनी माना ओळखल्या. म्हणाले, ते केस मीच कापलेले होते, आठ दिवसांपूर्वी." ताईंनी चष्मा काढला. "त्यातला एक अजून येतो. महिन्याच्या महिन्याला. हे अजून त्याची मान साफ करतात."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

"मी विचारलं, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तू एवढं वाचतेस, मला वाटलं तुला सगळं माहीत असणार. आता कळलं की तुला यातलं काही कळत नाही, तेव्हा म्हटलं, सांगायला हवं."

ताईंनी चष्मा पुसून परत लावला. मग त्या म्हणाल्या, "सोळाच्या सोळा वाचलीत मी. यातलं एकातही नव्हतं."

त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेल्या. दाजींनी आतून कडी लावली. दुपारभर गिऱ्हाइकं येत होती, दार लोटून बघत होती आणि परत जात होती. मी माझ्या खिडकीतून पाठमोऱ्या प्रत्येकाची मान बघत बसलो.